पुनरावृत्ती कोणाची?

‘क्रीड २’ (२०१८) आला तेव्हा समीक्षकांनी कौतुक केले, पण अनेकांनी शेरा मारलाच: ‘रॉकी’चाच जुना फॉर्म्युला, शेवट आधीच कळतो. शेवट कळतो, मान्य. पण १९७९ च्या ‘रॉकी २’मध्ये तरी काय होते? तोच प्रतिस्पर्धी, तीच लढत.

आमचा आक्षेप त्यापुढचा आहे. १९८५ च्या ‘रॉकी ४’मध्ये अपोलो क्रीड हा कृष्णवर्णीय बॉक्सर रशियन ड्रॅगोचे ठोसे खाऊन रिंगमध्येच मरतो. (अपोलो हे पात्र मुहम्मद अलीवरून घडवलेले, हे विसरू नका.) हे मरण वापरले कशासाठी? गोऱ्या नायकाला सूड घेता यावा म्हणून. अपोलोच्या घरच्यांचे पुढे काय झाले, हे त्या चित्रपटाला विचारावेसे वाटले नाही.

तेहतीस वर्षांनी स्टीव्हन केपल ज्युनियर हा कृष्णवर्णीय दिग्दर्शक त्याच मरणाकडे मुलाच्या बाजूने बघतो. अडोनिससमोर ड्रॅगोचा मुलगा उभा आहे आणि घरी ऐकू न येणारी तान्ही लेक. लढत तीच; दुःख मात्र आता ज्याचे त्याच्याकडे आले. याला पुनरावृत्ती म्हणायचे?

पहिल्या ‘क्रीड’ला (२०१५) ऑस्करचे एकच नामांकन मिळाले, तेही स्टॅलोनला. दिग्दर्शक रायन कूगलर, नायक मायकल बी. जॉर्डन, दोघेही बाहेर! त्या वर्षी अभिनयाची वीसच्या वीस नामांकने गोऱ्यांना होती.

आपल्याकडे ‘सिनेमात पुन्हा जातच का?’ म्हणून नाक मुरडणारे याच शाळेतले. पा. रंजित यांचा ‘सारपट्टा परंबरै’ (२०२१) पाहिलेल्यांनी आता ‘क्रीड २’ही बघावा. मग फॉर्म्युल्यावर बोलू.