बाळंतपणातली जखम हाही युनियनचाच प्रश्न

रुळावर कुणाचा पाय चिरडला तर आमचे कार्यकर्ते रात्री दोन वाजता इस्पितळात धावतात. बाळंतपणात एखाद्या कामगार भगिनीला जखम झाली तर मात्र आम्ही पेढे खातो आणि घरी जातो. हे आम्ही दुसऱ्यांना उद्देशून लिहीत नाही. आम्हीही तेच केले आहे.

आम्ही मूळचे सोलापूरचे. नोकरीची पंचवीस वर्षे चेन्नईत गेली, तरी तमिळ मोडकीतोडकीच. काही वर्षांपूर्वी इथल्या एका गँगमधली ट्रॅकवुमन प्रसूती रजा संपवून कामावर आली आणि पहिल्याच महिन्यात चार वेळा गैरहजर राहिली. मुकादमाने रिपोर्ट केला, चार्जशीट आली. आम्ही कारण विचारले तर मान खाली. मूल आजारी असेल, असे आम्हीच ठरवून टाकले. शेवटी आमच्या घरच्यांनी तिला जवळ बसवून विचारले, तेव्हा कळले. चिमटा लावून मूल काढले होते, त्यात गुदद्वाराचा स्नायू फाटला. शौचाला धरवत नाही. आणि काम कुठे, तर दोन स्टेशनांच्या मध्ये, जिथे बाईमाणसाला आडोसासुद्धा नाही. म्हणून ती उपाशी येत होती, पाणीही पीत नव्हती. नवऱ्याने माहेरी धाडले होते ते वेगळेच.

ज्या शहरात १८४४ पासून एग्मोरला बाळंतिणींसाठी सरकारी इस्पितळ आहे, ज्या शहरात १९१८ साली मद्रास लेबर युनियन उभी राहिली, तिथे एका कामगार बाईला हे युनियनला सांगता आले नाही!

नियम नाहीत असे नाही. रेल्वेत १८० दिवसांची प्रसूती रजा आहे, तिला दुसरी रजा जोडता येते. बाळंतपणातून आजार उद्भवल्यास एक महिन्याची जादा पगारी रजा १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात होती, ती २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ठेवली आहे. ठेकेदाराकडच्या किती बायकांना हे ठाऊक आहे? शिवाय पदाचे काम शरीराला झेपेनासे झाले तर कर्मचाऱ्याला काढायचे नाही, पर्यायी काम द्यायचे, हा रेल्वेचा जुना नियम. अपंगत्व आले तर १९९५ च्या कायद्याचे कलम ४७ होते, आता २०१६ च्या कायद्याचे कलम २० आहे. दृष्टी गेलेल्या ड्रायव्हरसाठी आम्ही हाच नियम शंभरदा वापरला. या बाईसाठी तो आम्हाला सुचायला सहा महिने लागले, याची लाज वाटते.

चार्जशीट मागे घेतली गेली. दुसरे ऑपरेशन झाले, पुढे पुष्कळ दिवस स्नायूंचे व्यायाम. सगळे पूर्ववत झाले नाही, ती तसे म्हणतही नाही. आता ती स्टोअरमध्ये आहे, संडास वीस पावलांवर.

इथिओपियात मामितू गाशे म्हणून बाई आहेत. पहिल्या बाळंतपणात अशाच, किंबहुना याहून वाईट जखमेने त्या अदिस अबाबाच्या इस्पितळात आल्या. बरे होताना तिथेच बिछाने घालू लागल्या, मग ऑपरेशनमध्ये मदत करू लागल्या, आणि शाळेचे तोंड न पाहता अशाच जखमा शिवणाऱ्या सर्जन झाल्या. आमच्या भगिनीने असे काही मोठे केलेले नाही. पण रजेवरून परतलेली कुणी बाई गप्प दिसली की ही तिच्याजवळ जाऊन बसते. मूल कसे आहे हे नंतर विचारते, आधी विचारते, "तू कशी आहेस?" दोघींना तिने स्वतः डॉक्टरकडे नेले.

मागच्या महिन्यात तिने आमच्या टेबलावर एक कागद ठेवला. कोणत्या गँगला किती किलोमीटरपर्यंत संडास नाही, त्याची तिने पेन्सिलीने केलेली यादी. पुढच्या बैठकीत आम्ही तोच विषय पहिला घेतला आहे.