परीक्षा गुरूची की पारपत्राची?

आमची एक जुनी विद्यार्थिनी इंग्रजीची एम. ए., बी. एड. असून आठ वर्षे पुण्यात शिकवीत आहे. परवा तिने आम्हांस दक्षिण कोरियातील एका खाजगी शिकवणी-वर्गाची जाहिरात दाखविली. हवा होता इंग्रजीचा शिक्षक. पात्रता कोणत्याही विषयाची पदवी, आणि अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व दक्षिण आफ्रिका यांपैकी एका देशाचे नागरिकत्व! ही त्या वर्गाची लहर नव्हे. तेथील सरकारचा नियमच तसा आहे.

यावर कोणी म्हणेल, ज्याची भाषा त्यानेच ती शिकवावी, यात वावगे काय? परंतु हा युक्तिवाद ती यादीच खोटा पाडते. दक्षिण आफ्रिकेत घरी इंग्रजी बोलणारे दहांत एकही भरत नाहीत! पुढे मौज पाहा. भारत-कोरिया व्यापारकरार २०१० च्या १ जानेवारीस अमलात आला, आणि अध्यापनाची सनद असलेल्या भारतीयांस तेथील शाळांत इंग्रजीचे साहाय्यक शिक्षक होण्याची वाट मोकळी झाली. आदल्या दिवशी अपात्र असलेला मनुष्य दुसऱ्या दिवशी पात्र ठरला, तो काय एका रात्रीत उच्चार सुधारून?

भाषा येणे निराळे आणि ती शिकविता येणे निराळे. 'त्याने भात खाल्ला', पण 'तो भात जेवला', असे का, हे परकीयास समजावून देणारे मराठी भाषिक कितीसे निघतील? ज्याने भाषा कष्टाने कमाविली, त्यासच विद्यार्थी कोठे अडखळतो हे ठाऊक असते. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कुलाचे वामन शिवराम आपटे यांची मातृभाषा इंग्रजी नव्हती; तरी त्यांचा १८९० चा संस्कृत-इंग्रजी कोश जगभरचे अभ्यासक आजही उघडतात.

परंतु परक्यांवर कोरडे ओढून आमची सुटका नाही. जुन्नर-इंदापूरकडील उमेदवार मुलाखतीस आला की त्याचे उच्चार ऐकून ओठांतल्या ओठांत हसणारे आम्हीच ना? आम्हीही एकदा हसलो आहोत. त्याची आज लाज वाटते. कोरियाचा नियम आमच्या हाती नाही, मुलाखतीचा कागद मात्र आहे. उमेदवारास खडू द्यावा, वर्गापुढे उभे करावे, आणि मुलांस काय समजले ते पाहावे. याहून दुसरी कसोटी आम्हांस तरी मान्य नाही.