संसारांतील यंत्रें : मोटारीचा मुका रिमोट

आमच्या हिंगण्याच्या घरीं एक जुनी मोटार आहे. चौदा वर्षांच्या सेवेनें ती आतां कुटुंबांतील वडीलधारी झाली आहे. तिचें दार दुरून उघडणारा रिमोट चार-चार वेळां दाबावा लागे. मोबाईल चार्जिंगचें सॉकेट तर मुळींच बंद पडलें होतें. परंतु ‘गाडी चालते आहे ना!’ या एका वाक्यावर आम्हीं वर्ष काढलें.

गेल्या मे महिन्यांत, भर दुपारीं सामान उतरवीत असतां, आमचा तीन वर्षांचा नातू मोटारींत शिरला आणि त्यानें आंतून कुलूप लावून घेतलें. बाहेर आम्ही पांचजण आळीपाळीनें रिमोट दाबीत होतों. दार ढिम्म उघडेना. नागपूरकडील उन्हांत बंद मोटार म्हणजे भट्टीच! अखेर वहिनींनीं आमच्या हातांतील जुडगा हिसकावला आणि त्यांतील धातूची किल्ली दाराच्या कुलपांत फिरविली. मूल सुखरूप निघालें. ती किल्ली सारा वेळ आमच्याच हातांत होती!

दुसऱ्या दिवशीं औद्योगिक वसाहतीजवळील एका कारागिरास बोलाविलें. रिमोटमधील सेल ३ व्होल्टचा, त्यावर २०३२ हा आंकडा. म्हणजे व्यास २० मिलिमीटर व जाडी ३.२ मिलिमीटर. तो बदलतांच दार उघडूं लागलें. नव्या सेलनेंही काम न झाल्यास घरांतील दुसरा रिमोट वापरून पाहावा. तो चालला तर दोष पहिल्यांत. दोन्ही मुके असतील तर मोटारीची बॅटरी, फ्यूज आणि बिजागरीजवळ रबरी नळींतून दारांत जाणाऱ्या तारा तपासाव्या. दाराच्या उघडझापीनें त्या वाकून वाकून तुटतात.

सॉकेटचें प्रकरण अधिक गंभीर निघालें. त्यांत रुपयाचें नाणें पडलें होतें, त्यामुळें फ्यूज जळे. आमच्या पुतण्यानें जळक्या फ्यूजला चॉकलेटचा चांदीचा कागद गुंडाळून तो पुन्हां बसविला होता. परिणामीं आंतील तारेचें आवरण करपलें होतें. फ्यूज हा घरचा पहारेकरी. प्रवाह वाढला कीं तो स्वतः वितळून तार वांचवितो. त्याचें तोंड बांधणें म्हणजे आगीस आमंत्रण. १५ अँपिअरच्या निळ्या फ्यूजच्या जागीं निळाच बसवावा, २० चा पिवळा नव्हे. आणि तोही जळला तर आधीं कारण शोधावें.

आतां आमच्या घरीं महिन्यांतून एकदां आजीपासून कॉलेजांतील मुलांपर्यंत प्रत्येकानें धातूच्या किल्लीनें दार उघडून पाहावें, असा नियम केला आहे. कांहीं रिमोटांत ही किल्ली आंत दडविलेली असते, आणि न वापरलेलें कुलूप गंजून बसतें. किल्लीही मिळाली नाहीं तर मुलापासून दूरची काच फोडण्यास कचरूं नये. वाचकांनीं आज सायंकाळींच आपल्या मोटारीची परीक्षा घ्यावी. सेल थोडक्या पैशांत मिळतो, ती दुपार मात्र कोणाच्याही घरीं न यावी.