एक तार तुटली तर काय बिघडले?

एक सोपा प्रश्न विचारतो. एकोणीस बारीक तारा एकत्र पिळून एक जाड तार केली आहे. त्या एकोणिसांपैकी एक तुटली. तर जाड तारेचे बळ किती उरले? वर्गात हा प्रश्न विचारला की उत्तर चटकन येते : एकोणीस भागांपैकी अठरा, म्हणजे सुमारे ९५ टक्के. गणित अगदी बरोबर आहे. परंतु या गणितावर विसंबून कोणी जुनी शिडाची होडी समुद्रात नेली, तर तिची डोलकाठी कोसळण्याचा मोठा धोका आहे. गणित बरोबर आणि निष्कर्ष मात्र चूक, असे का व्हावे? त्याचाच आज विचार करू.

शिडाच्या होडीवर दोन प्रकारचे दोर असतात. शीड वर चढविणारे आणि वाऱ्याप्रमाणे फिरविणारे दोर हलते असतात. दुसऱ्या प्रकारच्या दोरांना हलायचे नसते. डोलकाठीला उभे धरून ठेवणे एवढेच त्यांचे काम. एक तार काठीच्या माथ्याकडून होडीच्या नाळेकडे जाते, बहुधा एक मागे जाते आणि उरलेल्या दोन्ही बगलांना. आधुनिक छोट्या होड्यांत या तारा स्टेनलेस पोलादाच्या असतात. त्यांची नेहमीची घडण म्हणजे आपल्या प्रश्नातलीच : मध्ये एक तार, तिच्याभोवती सहा आणि त्यांच्याभोवती बारा.

युरोप-अमेरिकेत १९६० आणि १९७० च्या दशकांत काचतंतूंच्या असंख्य छोट्या होड्या तयार झाल्या. त्यांची अंगे अजून शाबूत आहेत, त्यामुळे हौशी माणसे त्या स्वस्तात घेऊन पुन्हा उभ्या करतात. रंग खरवडतात, शिडे शिवून घेतात, लाकडाला रोगण लावतात. मग पाळी येते तारांची. तारा चकचकीत दिसतात. त्या फडक्याने पुसल्या जातात आणि जागच्या जागी ठेवल्या जातात. माझे स्पष्ट मत असे की, ज्या तारांचे वय ठाऊक नाही त्या कितीही चकचकीत असोत, सगळ्याच्या सगळ्या बदलल्या पाहिजेत. हे मत कशाच्या आधारावर, ते आता पाहा.

प्रथम नेहमीचे उदाहरण सोडवू. डोलकाठीवर बगलेची तार ६ मीटर उंचीवर बांधली आहे. तारेचे खालचे टोक काठीच्या बुडापासून ९० सेंटिमीटर दूर आहे. म्हणजे तार आणि काठी यांच्यातील कोन जेमतेम साडेआठ अंश. शिडावरील वाऱ्यामुळे त्या उंचीवर ५० किलोग्रॅम-भार इतके आडवे बल लागले असे समजा. साडेआठ अंशांची ज्या सुमारे ०.१४८ आहे. ५० ला तिने भागा. तारेतील ताण येतो सुमारे ३४० किलोग्रॅम-भार, म्हणजे वाऱ्याच्या बलाच्या जवळजवळ सातपट! कोन जितका लहान तितका ताण मोठा.

तरी घाबरण्याचे कारण दिसत नाही. ४ मिलिमीटर व्यासाची अशी नवी तार तुटायला साधारण १२०० किलोग्रॅम-भार लागतो. साडेतीनपट सुरक्षितता आहे. मग वारा बेताचा असतानाही जुन्या होडीची तार तुटते ती का?

कारण आपण ताण एकदाच मोजला, आणि तारेला तो लाखो वेळा सोसावा लागतो. होडी लाटांवर डुलते तेव्हा एका बगलेची तार ताणली जाते, दुसरी सैल पडते, आणि पुढच्याच क्षणी उलट होते. एका डोलण्याला ४ सेकंद धरले तर तासाला ९०० आणि दिवसाला २१,६०० डोलणी होतात. मुंबईत सागवानी लाकडात बांधलेल्या ‘सुहैली’ या सुमारे ३२ फुटी होडीतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिला ३१२ दिवस लागले. आपल्या हिशोबाने तेवढ्या दिवसांत एखाद्या होडीच्या तारांना सदुसष्ट लाखांहून अधिक हिसके बसतील.

वारंवार बदलत्या ताणामुळे धातूत सूक्ष्म भेग पडते आणि ती प्रत्येक हिसक्यासरशी किंचित वाढते. यालाच धातूचा थकवा म्हणतात. एकोणिसाव्या शतकात ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने रेल्वेच्या आसांवर दीर्घकाळ प्रयोग करून दाखविले की, एका खेपेत जो भार धातू सहज पेलतो, तोच भार असंख्य वेळा आल्यास धातू तुटतो.

त्यात भर पडते गंजाची. ‘स्टेनलेस’ या शब्दाने पुष्कळांची फसगत होते. या पोलादातील क्रोमियम हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून पृष्ठभागावर अत्यंत पातळ थर तयार करते. तो थर ओरखडला तरी ऑक्सिजन मिळताच पुन्हा भरून येतो. म्हणजे हे पोलाद टिकते ते मोकळ्या हवेच्या कृपेने. आता तारेचे टोक पाहा. तेथे पोलादी नळी प्रचंड दाबाने तारेवर आवळून बसविलेली असते. पावसाचे आणि लाटांचे खारे पाणी तारेवरून ओघळत खालच्या नळीच्या तोंडात शिरते व तेथेच अडकते. आतला ऑक्सिजन संपतो, क्षारांचे प्रमाण वाढते, पाणी आम्लधर्मी होते, आणि संरक्षक थर पुन्हा तयार होऊ शकत नाही. बाहेर तार चांदीसारखी आणि नळीच्या आत गंज! डेकमधून आरपार जाणाऱ्या ज्या पोलादी पट्ट्यांना या तारा अडकविलेल्या असतात, त्यांचीही डेकच्या जाडीत लपलेल्या भागात हीच अवस्था होते.

आता पहिल्या प्रश्नाकडे परत या. नळीच्या तोंडाशी एक बारीक तार तुटलेली दिसली. अठरा उरल्या हे खरे. परंतु त्या अठराही तेवढ्याच जुन्या आहेत, त्यांनीही तितकेच हिसके खाल्ले आहेत आणि तेच खारे पाणी प्यायले आहे. शिवाय तुटलेल्या तारेचा भार आता त्यांच्यावर आला आहे. तेव्हा तुटलेली तार ही पाच टक्क्यांची तूट नव्हे, ती बाकीच्या अठरांची खबर आहे. आणि दुसऱ्या बगलेची तारही त्याच वयाची असल्याने ती खबर तिलाही लागू आहे. म्हणून एकच तार बदलणे ही अर्धवट दुरुस्ती होय. जाणकार कारागीर सर्वसाधारणपणे दहा ते पंधरा वर्षांत सर्व तारा बदलाव्यात असे सांगतात, ते यासाठीच.

‘ही उधळपट्टी नाही का?’ असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. हौशी माणसाचा खिसा लहान असतो आणि तारांचा संच स्वस्त नसतो. जुन्या वस्तूवरचे प्रेम मलाही समजते. ‘सुहैली’च दुरुस्त होत होत टिकली आणि २०१८ मध्ये, त्या प्रवासाच्या आरंभाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, इंग्लंडच्या फालमथ बंदरात पुन्हा शिडे उभारून दिसली. पण जुने जपणे म्हणजे जुना प्रत्येक तुकडा जपणे नव्हे. होडीचा घाट जपावा, लाकूड जपावे. तार ही दिव्याच्या वातीसारखी आहे, जळून संपणे हाच तिचा धर्म. पैसा वाचवायचा असेल तर रंग पुढच्या वर्षी द्यावा.

बदलतानाही डोके वापरावे लागते. डोलकाठी आधी खाली उतरवावी. जुन्या तारा फेकण्यापूर्वी त्यांची लांबी मोजून घ्यावी. टोकाला दोन्ही दिशांना हलू शकणारा सांधा असावा, म्हणजे तार ताणली जाते, वाकत नाही. पान्याने उघडून आत पाहता येतील अशी टोकेही मिळतात. आपल्याला तपासता येईल अशी वस्तू निवडणे हे शहाणपणाचे. शेवटी तारांना बेताचा ताण आधीच द्यावा, साधारणपणे तुटण्याच्या भाराच्या १० ते १५ टक्के. त्यामुळे सैल पडून बसणारे हिसके कमी होतात. आणि तारा कोणत्या वर्षी बसविल्या ते वहीत लिहून ठेवावे. कारण पुढच्या मालकाला ती चकाकी काहीच सांगणार नाही.

शिक्षकबंधूंना एक विनंती. आपण वर्गात ‘वजनरहित, न ताणली जाणारी दोरी’ घेतो, आणि प्राथमिक समजुतीसाठी ते योग्यच आहे. परंतु उदाहरण सुटल्यावर एक प्रश्न अवश्य विचारावा : ‘ही दोरी दहा वर्षांची असेल तर?’ त्या प्रश्नावर पुस्तकातले बल आणि जगातले बल यांची भेट होते.

होडी आपल्यापैकी फार थोड्यांकडे असेल, पण सायकल बहुतेकांकडे आहे. तिच्या ब्रेकची तार अशीच बारीक तारांच्या पिळाची असते, आणि ती झिजते मुठीच्या आत लपलेल्या टोकाशी, नेमकी जेथे आपण पाहत नाही तेथे. आज घरी गेल्यावर ब्रेकची मूठ दाबून धरा आणि आतले टोक विजेरीच्या उजेडात निरखून पाहा. एखादी बारीक तार तुटून बाहेर आलेली दिसली, तर उरलेल्या मोजत बसू नका. उताराचा रस्ता लागण्यापूर्वी तार बदला.