सगळ्यात मोठा खेळाडू कोण?



मध्यंतरी मोरगावला चुलत बहिणीकडे जाण्याचा योग आला. मोरगाव म्हटले की लोकांना अष्टविनायकातला मयूरेश्वर आठवतो. आम्हाला आठवते ती कऱ्हेकाठची वस्ती आणि संध्याकाळी विहाराच्या पायरीवर भरणारी पोरांची बैठक. दाजी कारखान्यावर कामाला. दाजींचे वडील, म्हणजे सगळ्यांचे आबा, वयाने ऐंशीच्या पुढचे, पण वाद घालायचा म्हटला की अजून मांडी ठोकून पुढे.

त्या दिवशी विषय निघाला क्रिकेटचा. डावऱ्या हाताचा सगळ्यात मोठा फिरकी गोलंदाज कोण? एक म्हणाला, बिशनसिंग बेदी. कसोटीत २६६ बळी. दुसरा म्हणाला, रवींद्र जडेजा. बेदींना मागे टाकून २०२४ साली त्याने कसोटीतला ३०० वा बळी घेतला. तिसऱ्याने विनू मंकडांचे नाव घेतले. भाचा हातातल्या मोबाईलवरून आकडे वाचून दाखवत होता. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मामा, आता तुम्हीच सांगा."

मी म्हणालो, "पालवणकर बाळू."

पोरे एकमेकांकडे बघू लागली. "कोण बाळू?"

मागून आबांचा आवाज आला, "त्याचं नाव हितं घ्यायचं न्हाय. त्यो बाबासाहेबांच्या विरुद्ध उभा ऱ्हायला हुता."

झाले! पोरांना नाव माहीत नाही आणि म्हाताऱ्यांना ते नको आहे. बाळूंचे नाव असे दोन्हीकडून हरवते. म्हणून आज त्यांच्याविषयी चार शब्द.

बाळूंचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. घराणे मूळचे कोकणातल्या पालवणचे, चर्मकार समाजातले. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात त्यांना चार रुपये महिना पगारावर काम मिळाले. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळी बांधायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. फलंदाजी हा साहेबांचा मान. बाळूंनी फक्त चेंडू टाकायचे. ग्रेग नावाचा कसलेला इंग्रज फलंदाज त्यांच्यासमोर तासन् तास सराव करी. त्याला बाद केले की तो बाळूंना आठ आणे देई, असे सांगतात.

पुढे पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचे होते, म्हणून बाळूंना बोलावणे आले. मैदानावर त्यांनी फेकलेला चेंडू सगळ्यांना चाले. चहाची वेळ झाली की सवर्ण खेळाडू आत कपबशीतून चहा पीत, आणि बाळूंना चहा बाहेर, मातीच्या भांड्यात. जेवणाचे ताट वेगळे, जागा वेगळी. चहा पिऊन झाला की पुन्हा त्याच मंडळींसाठी बळी घ्यायचे.

पुढे ते मुंबईला गेले. १९०६ साली मुंबईत हिंदू संघाने गोऱ्यांच्या संघाला १०९ धावांनी हरवले. त्या सामन्यात बाळूंनी दोन्ही डाव मिळून आठ बळी घेतले. मग आले १९११ साल. पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले, एका बळीमागे १८.८४ धावा देऊन. वय किती? पस्तीस! परक्या देशाची हवा, परकी खेळपट्टी, समोर इंग्लंडचे पट्टीचे फलंदाज. सोसले म्हणून बाळू मोठे ठरत नाहीत. त्यांचे मोठेपण या ११४ बळींत आहे.

आता मोबाईलवर बघा. कसोटी बळींच्या रकान्यात बाळूंच्या नावापुढे शून्य! का? हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामनाच झाला १९३२ साली. तेव्हा बाळू छप्पन्न वर्षांचे होते. प्रथम श्रेणीचे सामने त्यांना मिळाले ३३, आणि त्यांत त्यांनी बळी घेतले १७९. खेळाडूला मिळतील तेवढेच सामने तो खेळतो. सामने कमी म्हणून गुण कमी, हा हिशेब कुठला? आपल्या मुंबईच्या पद्माकर शिवलकरांचेच घ्या. प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेणारा हा डावखुरा गोलंदाज एकही कसोटी खेळू शकला नाही, कारण त्या काळात संघातली जागा बेदींची होती. बेदी मोठे, यात शंका नाही. पण म्हणून शिवलकर लहान कसे?

भाचा म्हणाला, "मामा, अमेरिकेत पण हेच भांडण चालतं." तिकडे कॉलेजच्या पोरांचा फुटबॉल असतो. नाव फुटबॉल, पण चेंडू बराच वेळ हातातच. एक गडी चेंडू काखेत मारून समोरच्या अकरा जणांच्या पकडीतून पळत सुटतो. त्याला रनिंग बॅक म्हणतात. आजवरचा सगळ्यात मोठा रनिंग बॅक कोण, यावर तिकडे बापलेकांत वाद होतात.

कॉलेजात शिकणारी भाची आतापर्यंत गप्प बसली होती. ती म्हणाली, "म्हणजे आमची चढाईच की!" पोरगी कबड्डीत चढाई करते. तिला ते लगेच कळले.

त्या वादात कोणी म्हणतो बॅरी सँडर्स, कारण १९८८ च्या एका हंगामात तो चेंडू घेऊन २,६२८ यार्ड पळाला. कोणी म्हणतो आर्ची ग्रिफिन, कारण वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारी हाइसमन ट्रॉफी दोनदा घेणारा तो एकटाच. पण जुनी पाने उलटली की वेगळ्या गोष्टी सापडतात. बाळू इंग्लंडमध्ये खेळत होते त्याच १९११ साली अमेरिकेत जिम थॉर्प नावाचा आदिवासी मुलगा गाजला. सरकारने आदिवासी मुलांसाठी काढलेल्या कार्लाइलच्या शाळेत तो शिकत होता. त्या शाळेत मुलांचे केस कापत आणि आपली भाषा बोलू देत नसत. त्या शाळेच्या संघाने हार्वर्डसारख्या बड्या विद्यापीठाला १८-१५ असे हरवले, ते थॉर्पच्या जोरावर. १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये त्याने दोन सुवर्णपदके जिंकली. पुढच्याच वर्षी ती काढून घेतली. कारण काय, तर पूर्वी तो किरकोळ पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. त्या स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव पुन्हा लागायला २०२२ साल उजाडले. थॉर्प तर १९५३ सालीच गेला होता.

काळ्या खेळाडूंचेही तेच. १९५६ साली जिम ब्राउनसारखा खेळाडू हाइसमन ट्रॉफीच्या मतदानात पाचवा आला. ती ट्रॉफी एका काळ्या खेळाडूला पहिल्यांदा मिळाली १९६१ साली, एर्नी डेव्हिसला. तोही रनिंग बॅकच आणि ब्राउनच्याच कॉलेजचा. तेव्हा जुन्या याद्या वाचताना कोण किती पळाला ते बघावे, आणि कोणाला किती पळू दिले तेही बघावे.

आता आबांच्या आक्षेपाकडे येतो. आबांचे म्हणणे खरे आहे. १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांच्या विरुद्ध उभे राहिले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली आणि बाळूंना ११,२२५. जनतेने निकाल दिला. बाळूंची बाजू चुकली, असे आम्हीही मानतो. पण इंग्लंडहून परतलेल्या बाळूंचा मुंबईत अस्पृश्य समाजाने सत्कार केला, तेव्हा तरुण भीमराव त्या सत्कारात पुढे होते, हेही आपण विसरायचे का? राजकारणाचा हिशेब राजकारणाच्या वहीत लिहावा आणि खेळाचा खेळाच्या. एका वहीतली शाई दुसऱ्या वहीवर सांडली की दोन्ही वह्या खराब होतात.

शिवाय बाळू एकटे नव्हते. धाकटे भाऊ शिवराम, गणपत, विठ्ठल असे तिघेही खेळाडू. १९२० साली संघातून बाळूंना वगळले, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल यांनी खेळायला नकार दिला. शेवटी बाळूंना उपकर्णधार करून परत घ्यावे लागले. कर्णधारपद मात्र त्यांना कधीच मिळाले नाही. ते १९२३ साली विठ्ठलना मिळाले आणि त्यांच्या हाताखाली हिंदू संघाने स्पर्धा जिंकली. याच विठ्ठलनी १९४८ साली 'माझे क्रीडा-जीवन' हे पुस्तक लिहिले. भावाने लिहून ठेवले म्हणून आज आपण हे बोलू शकतो. नाहीतर बाळू १९५५ साली गेले तेव्हाच सगळे संपले असते.

तर सगळ्यात मोठा कोण? आमचे मत बाळू. बेदी, जडेजा, मंकड यांच्या बाजूने कोणी बोलले तर आम्ही भांडणार नाही. पण यादीत बाळूंचे नाव नसेल, तर ती यादी आम्हाला मान्य नाही.

एवढे बोलून झाल्यावर भाचीने हळूच विचारले, "मामा, मोठं कोण ते मैदानात उतरल्यावरच कळतं ना? आणि उतरूच दिलं नाही तर?"

तेव्हा मला खरी गोष्ट कळली. जिल्ह्याच्या कबड्डी शिबिरासाठी तिची निवड झाली होती. दहा दिवस पुण्यात राहायचे. दाजींचा नकार होता. "तू काय लई मोठी खेळाडू लागून गेलीस?" असे ते म्हणाले होते. दाजी वाईट नाहीत. एसटीचे भाडे, बूट, खाणे आणि लोक काय म्हणतील, हा सगळा भार त्यांच्याच डोक्यावर. पण शिबिराला जाण्याआधीच पोरीने मोठी खेळाडू असल्याचा पुरावा द्यायचा कसा?

दाजी खाली बघत होते. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग लेकाला म्हणाले, "आरं, त्या बाळूला निदान बाहेर का हुईना, चहा तरी दिला. तू तर पोरीला घराच्या बाहीरच पडू दीना. जाऊ दे तिला. बुटाचं मी बघतो."

बंधू-भगिनींनो, आपल्या वस्तीतही असे कोणी असेल. कबड्डीत नाव काढलेली एखादी आत्या असेल, कुस्तीत गाजलेले एखादे काका असतील. त्यांची नावे, साल, गाव वहीत लिहून ठेवा. आणि घरातली मुलगी चार दिवस खेळायला जाते म्हणाली, तर आधी तिला जाऊ द्या. किती मोठी आहे, ते ती आल्यावर विचारा.

परवा बहिणीचा फोन आला होता. पोरगी शिबिराला गेली. पहाटेच्या गाडीला सोडायला दाजी स्वतः स्टँडवर गेले होते.