भिंतीचे कान आणि आपला पदर

मैत्रिणींनो, भिंतीलाही कान असतात म्हणतात. ते बंद व्हावेत म्हणून अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९६८ साली आपला कायदा कडक केला. बोलणाऱ्या सर्वांच्या नकळत बोलणं टेप करणं गुन्हा ठरला. हेतू चांगलाच, पण बेतताना माप चुकलं. घरातली कुजबुज आणि भर रस्त्यातलं पोलिसांचं काम, यांत फरकच ठेवला नाही.

२००७ साली बॉस्टनच्या एका सार्वजनिक बागेत पोलीस एका तरुणाला पकडत होते. तिथून जाणाऱ्या एका वकिलाने ते मोबाईलवर उघडपणे टिपलं. झालं! याच कायद्याखाली पोलिसांनी त्यालाच अटक केली. आरोप काही टिकले नाहीत. मग त्यानेच दावा लावला. सार्वजनिक जागी पोलिसांचं काम टिपणं हा नागरिकाचा हक्कच आहे, असं फेडरल अपील न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलं. २०१२ मध्ये बॉस्टन शहराने भरपाई आणि वकिलाच्या खर्चापोटी १ लाख ७० हजार डॉलर मोजले. शहराने म्हणजे कुणी? कर भरणाऱ्यांनीच की!

तुम्ही म्हणाल, बॉस्टनचं आपल्याला काय? अहो, आपल्याकडेही १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याच्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा आला, आणि फोन ऐकण्याचे नियम नव्याने लिहिले गेले. असे बदल पेपरात वाचाल तेव्हा पान उलटू नका. विचारा: यानं कुणाचे कान बंद होणार आणि कुणाचं तोंड? माप चुकलं, तर भुर्दंड आपल्याच पदरी पडतो, बरं का!