एल्फांच्या गावातलं दप्तर

एल्फांचं गाव म्हटलं की हल्ली सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. पांढऱ्या नाजूक कमानी, कड्यावरून कोसळणारे तीन-चार धबधबे, मधोमध पूल, संध्याकाळचं सोनेरी ऊन आणि कुठल्याही कामाची घाई नसलेली उंच, सडपातळ माणसं. संगणकावरचा कुठलाही अद्भुतरम्य खेळ उघडा, हेच दिसेल. २००१ साली आलेल्या पीटर जॅक्सनच्या चित्रपटाने हा साचा पक्का केला. चित्र सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण ते पाहिलं की मला दरवेळी एकच प्रश्न पडतो. या गावात भांडी कोण घासतो, आणि जमिनीचे कागद कुठे ठेवतात?

हसू नका. माझा जन्म फायलींत चालला आहे, त्यामुळे असले प्रश्न मला सुचणारच. आणि गंमत म्हणजे, जे. आर. आर. टोल्किन यांना, म्हणजे ज्यांच्यामुळे ही सगळी गावं वसली त्यांना, असे प्रश्न वर्ज्य नव्हते. त्यांच्या हॉबिट लोकांना कागदपत्रांचं भारी वेड. बिल्बोने घर सोडताना केलेल्या मृत्युपत्रावर सात साक्षीदारांच्या लाल शाईतल्या सह्या आहेत. तिथे टपाल आहे, महापौर आहे, वंशावळ्या आहेत. एल्फांकडे यातलं फारसं काही दिसत नाही. अपवाद अरण्यातल्या एल्फराजाच्या गुहेचा. तिथे दारूची पिंपं सरोवरावरच्या गावातून येतात आणि रिकामी झालेली नदीतून परत जातात. म्हणजे कुठेतरी त्यांची मोजदाद असणार. पण कोठीचा कारभारी आणि पहारेकऱ्यांचा नायक दोघेही पिऊन झोपतात, आणि त्याच रिकाम्या पिंपांतून तेरा कैदी पसार होतात. सरकारी गुदामांची ज्यांना माहिती आहे त्यांना या प्रसंगात अद्भुत असं काही वाटणार नाही.

असो. सांगायचं होतं ते वेगळंच.

आधी शब्दाबद्दल थोडं. मराठीत एल्फला काय म्हणावं? परी म्हटलं की पाठीला चिमुकले पंख फुटतात, आणि त्या चिमुकल्या पंखांचा टोल्किन यांना मनापासून तिटकारा होता. त्यांचे एल्फ माणसाएवढे, किंबहुना माणसाहून उंच, आणि कुणी मारलं नाही तर न मरणारे. आपल्याकडचा त्यातल्या त्यात जवळचा शब्द यक्ष. कालिदासाची अलकानगरी आठवा. तिथल्या स्त्रिया सहाही ऋतूंची फुलं एकाच वेळी माळतात. एल्फांच्या गावाशी हे जुळतं खरं. फरक एवढाच की अलकेतल्या त्या फुलांची किंमत कुणी मोजलेली दिसत नाही. टोल्किन यांच्या एल्फांना ती मोजावी लागते, आणि मला वाटतं त्यांच्या साऱ्या लेखनाचं मर्म त्या किमतीत आहे.

त्यांनी रंगवलेलं पहिलं मोठं एल्फनगर गोंडोलिन. पहिल्या महायुद्धात सोमच्या लढाईतून खंदकज्वर घेऊन ते १९१६ च्या नोव्हेंबरात इंग्लंडला परतले, आणि त्या आजारपणाच्या काळात त्यांनी या नगराच्या विनाशाची कथा लिहायला घेतली. नगराच्या विनाशाची, हे लक्षात घ्या. नगर जन्माला आलं तेच पडण्यासाठी. पुढे त्यांनी या कथेला निरनिराळी रूपं दिली, पण सांगाडा तोच राहिला. डोंगरांच्या कड्यात लपलेलं मैदान, मैदानात टेकडी, टेकडीवर शुभ्र नगर. आत यायला एकामागे एक सात दरवाजे. बांधायला बावन्न वर्षं लागली, तीही गुपचूप. आणि राजा तुरगॉनचा कायदा असा की एकदा आत आलेल्याने बाहेर जायचं नाही. जलदेवतेचा निरोप आला, हे सोडून समुद्राकडे निघ म्हणून. राजाने ऐकलं नाही. आपल्या हातांनी उभारलेलं इतकं देखणं नगर सोडवेल कुणाला? शेवटी घरातल्याच माणसाने, राजाच्या भाच्याने, शत्रूला वाट दाखवली. १९१७ च्या सुमाराच्या त्या मूळ कथेत नगरावर चालून येणारे काही सर्प धातूचे आहेत आणि त्यांच्या पोटात सैनिक भरलेले आहेत. ज्याने ती लढाई पाहिली त्याच्या मनात ते कुठून आले असतील हे वेगळं सांगायला नको.

दुसरं लॉरिएन, आणि त्याची राजधानी कारास गालाधॉन. वाचकांचं सर्वांत लाडकं एल्फनगर बहुधा हेच. टेकडीवर मॅलॉर्नची प्रचंड झाडं, भोवती खंदक आणि हिरवी तटबंदी. लोक झाडांवर बांधलेल्या मचाणांवर राहतात. रात्री फांद्याफांद्यांतून हिरवे, सोनेरी, रुपेरी दिवे. मॅलॉर्नची पानं शरदात सोनेरी होतात पण गळत नाहीत. वसंतात नवी पालवी आली की मगच गळतात, त्यामुळे वर सोनं असतं आणि खालीही सोनंच. प्रवासी तिथे महिनाभर राहतात आणि बाहेर पडल्यावर सॅमला आकाशातला चंद्र पाहून हिशेबच लागत नाही, त्याला नक्की आठवतात त्या तीनच रात्री, आणि पूर्ण महिना झाला हे काही पटत नाही. इतकी सुंदर जागा वाङ्मयात मी तरी दुसरी वाचलेली नाही.

तरीही मला विचाराल तर लॉरिएन ही एक उदास जागा आहे. तिथे काळ थांबलाय तो आपण होऊन थांबलेला नाही. गॅलाड्रिएलच्या बोटातल्या अंगठीने तो थांबवून धरलाय. एल्फांच्या तीन अंगठ्यांचं मुख्य सामर्थ्य हेच, ऱ्हास रोखणं. आणि त्या अंगठ्यांचं नशीब शत्रूच्या एका अंगठीला बांधलेलं. ती त्याला मिळाली तर लॉरिएन उघडं पडणार, ती नष्ट झाली तर लॉरिएनची शक्ती सरणार. दोन्हीकडून तोटाच. स्वतः टोल्किन यांनी १९५४ मधल्या एका पत्रात एल्फांची तुलना मृतदेहाला मसाले भरून टिकवणाऱ्यांशी केली आहे. शब्द कडक आहे, पण तो कुणा टीकाकाराचा नाही, ज्याने ते गाव मनापासून वसवलं त्याचा आहे. एल्फांना या मर्त्य जगातच राहायचं होतं, पण ते बदलायला मात्र नको होतं, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय.

हे वाचताना मला आमच्याकडची उत्सवातली संगीत नाटकं आठवल्याशिवाय राहत नाहीत. नव्या पोराने पदात एखादी जागा जरा निराळी घेतली की पहिल्या रांगेतून आलंच, 'असं नव्हतं हो ते!' म्हणणाऱ्याचं प्रेम खोटं नसतं. नाटक तो पोटतिडकीने जपत असतो. पण पुढच्या वर्षी तो पोरगा उभा राहत नाही, आणि मग आपण तक्रार करतो की नवी पिढी येत नाही.

लॉरिएनच्या सीमेवर आणखी एक गोष्ट घडते. पाहुण्यांत गिमली हा बुटका आहे, म्हणजे ज्यांच्याशी एल्फांचं जुनं वैर त्या जमातीचा. त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधल्याशिवाय त्याला आत सोडणार नाही असं पहारेकरी सांगतात. शेवटी अ‍ॅरागॉर्न म्हणतो, बांधायची तर आम्हा सगळ्यांना बांधा. इतकं सुंदर गाव, आणि त्यात शिरायचं ते आंधळं होऊन!

आता तिसरं गाव, रिव्हेंडेल. याला गाव म्हणावं की नुसतं मोठं घर म्हणावं, हा प्रश्न आहे. 'हॉबिट'साठी (१९३७) टोल्किन यांनी स्वतः याचं जलरंगातलं चित्र काढलं. त्यात दरी प्रचंड आहे आणि घर लहान. धबधब्यावर लोंबणारे महाल त्यात नाहीत. एकोणीस वर्षांचे असताना, १९११ साली, ते स्वित्झर्लंडच्या डोंगरांतून पायी हिंडले होते. त्या भटकंतीचा ठसा बिल्बोच्या प्रवासावर आहे असं त्यांनी पुढे मुलाला लिहिलेल्या पत्रात नोंदवलं. खोल दरीत उतरणारी नागमोडी वाट, पाइनच्या झाडांचा वास, कठडा नसलेला अरुंद दगडी पूल, आणि पाहुण्यांच्या दाढ्यांची टिंगल करत चक्क बाष्कळ गाणी म्हणणारे एल्फ. चित्रपटातल्या त्या गंभीर चेहऱ्यांना ही गाणी कुणी शिकवलेली दिसत नाहीत!

पण रिव्हेंडेलची सुरुवात सौंदर्यासाठी झालेली नाही. शत्रूने एरेगिऑन हे एल्फांचं राज्य जाळलं, तेव्हा उरलेल्यांना घेऊन एलरॉण्ड या दरीत शिरला. तो आसरा होता, वेढ्यात सापडलेली छावणी होती. आम्हा गोंयकारांना हे वेगळं समजावून सांगायला नको. सोळाव्या शतकात केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली आणि कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला, ते काही अंत्रुजच्या कुळागरांचं सौंदर्य पाहून नव्हे. जीव मुठीत धरून, नदी ओलांडून आणलेले देव ते. आज तिथली तळी नि दीपमाळा बघून पर्यटक म्हणतात, काय सुंदर जागा निवडलीय!

आणि इथेच मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. एल्फांच्या गावात दप्तर असतं, ते रिव्हेंडेलला असतं. बारकाईने पाहिलं तर हे घर दुसऱ्यांच्या ठेवी सांभाळतंय. उत्तरेचं माणसांचं राज्य बुडालं तेव्हा त्यांचा राजदंड, तुटक्या तलवारीचे तुकडे, बाराहीरची अंगठी या वंशपरंपरागत वस्तू इथे राहिल्या. हजाराच्या वर वर्षं! त्या राजवंशातली पोरकी मुलंही इथेच वाढली. अ‍ॅरागॉर्न दोन वर्षांचा असताना त्याचा बाप मारला गेला आणि आई त्याला घेऊन इथे आली. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून त्याचं नावसुद्धा बदलून ठेवलं. विसाव्या वर्षी एलरॉण्डने त्याला खरं नाव सांगितलं, तलवारीचे तुकडे आणि अंगठी हवाली केली. राजदंड मात्र दिला नाही. तो अजून कमवायचा होता. काय द्यायचं, कुणाला आणि केव्हा, याची नोंद या घराने कुठल्या वहीत नाही तर मनात ठेवली होती. बिल्बोही म्हातारपणी इथेच येऊन राहतो आणि एल्फांच्या जुन्या कथा आपल्या भाषेत उतरवत बसतो. म्हणजे दप्तर बाहेरच्यालाही खुलं.

लॉरिएनशी तुलना करा. तिथे ज्या गिमलीच्या डोळ्यांवर पट्टी आली, तोच रिव्हेंडेलच्या सभेत बापाच्या शेजारी उघड्या डोळ्यांनी बसलेला आहे. तिथे बुटके आहेत, माणसं आहेत, हॉबिट आहेत, आणि आपलं गाव ज्यावर टिकून आहे ती शक्तीच संपू शकेल असा निर्णय यजमान आपल्याच ओसरीवर होऊ देतो. एलरॉण्डच्या हातातही अंगठी आहे, हे विसरू नका.

कुणी म्हणेल, तुम्ही गॅलाड्रिएलवर अन्याय करताय. नाही. फ्रोडो आपण होऊन तिच्यापुढे ती अंगठी धरतो. ती घेतली असती तर तिचं लॉरिएन वाचलं असतं, निदान तिला तसं मानता आलं असतं. ती नाकारते. तुरगॉनला जे जमलं नाही ते तिला जमतं. माझा राग तिच्यावर नाही, लॉरिएनचं पोस्टर भिंतीला लावून तो नकार विसरणाऱ्या आपल्यावर आहे. आजच्या खेळांत आणि कादंबऱ्यांत एल्फांची गावं ढिगाने सापडतात. त्यांत कमानी असतात, दिवे असतात, झाडंही असतात. नसतो तो हा व्यवहार. गाव कशाच्या जोरावर उभं आहे आणि ते सोडायची वेळ आली तर कोण सोडेल, हे कुणी विचारत नाही. अशा गावात फिरून आलं की चार मिनिटांनी काही आठवत नाही.

अंगठी नष्ट झाल्यावर काय झालं तेही टोल्किन यांनी लिहून ठेवलंय. एलरॉण्डने हजार वर्षं सांभाळलेला राजदंड अ‍ॅरागॉर्नच्या लग्नात त्याच्या हाती दिला. त्याच वेळी मुलगीही दिली, आणि तिने मर्त्य होणं पत्करलं असल्यामुळे ती त्याला पुन्हा कधीच भेटणार नव्हती. मग तो समुद्रापार गेला. लॉरिएन रिकामं झालं. पुढे नवरा वारल्यावर आर्वेन तिथे एकटीच परतली तेव्हा मॅलॉर्नची पानं गळत होती आणि दिवे लावायला कुणी उरलं नव्हतं.

पण निघताना गॅलाड्रिएलने सॅमला एक लाकडी डबी दिली होती. आत तिच्या बागेतली माती आणि एक रुपेरी बी. युद्धात हॉबिटांचीही झाडं तोडली गेली होती. सॅमने माती चिमूटचिमूट करून गावभर वाटली आणि बी पेरलं ते बिल्बोच्या वाढदिवसाच्या मेजवानीच्या मैदानात, जिथला जुना वृक्ष कापलेला होता तिथे. वसंतात रोप आलं, एप्रिलमध्ये सोनेरी फुलं आली. डोंगरांच्या पश्चिमेला आणि समुद्राच्या पूर्वेला ते एकच मॅलॉर्न. ते पाहायला लांबलांबहून लोक यायचे. ज्यांच्या मृत्युपत्राला सात सह्या लागतात, तेच लोक.